परसबागेतील अनंत : पाने पिवळी का पडतात?

अझेलिया हे हिमालयातील बुरांशाच्या जातीचे झुडूप होय. त्यास थंड हवा व आम्ल जमीन लागते. ठाणे जिल्ह्याच्या उष्ण, दमट हवेत ते फार काळ टिकत नाही. आम्ल जमीनच मागणारे, परंतु कोकणची हवा मानवणारे पांढऱ्या सुगंधी फुलांचे झुडूप म्हणजे अनंत.

अपयशाचे कारण : भिवंडीतील धामणकर नाक्यासारख्या दाट वस्तीत अंगणातील मातीत घरबांधणीचा चुना व सिमेंट मिसळलेले असते. अशा विम्ल जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. यास रोग समजून पुष्कळदा झाड उपटले जाते.

परीक्षा : चिमूटभर कोरड्या मातीवर शिरक्याचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे आल्यास मातीत चुना आहे असे समजावे. न आल्यास जमीन आम्ल आहेच असे मात्र नव्हे. माती तपासून घ्यावी. सामू ५ ते ६ असणे उत्तम.

लागवड : पावसाळ्याच्या आरंभी, गिलाव्याच्या भिंतीपासून दूर, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग पालापाचोळ्याचे खत व एक भाग कुजलेले शेणखत यांनी तो भरावा. पाण्याचा निचरा नसल्यास वाफा उंच करावा. चुना असलेल्या अंगणात कुंडीच बरी.

निगा : माती ओलसर ठेवावी; पाण्यात अनियमितपणा झाल्यास कळ्या गळतात. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा. चुलीची राख व अंड्याची टरफले घालू नयेत. त्यांनी विम्लता वाढते. छाटणी बहर संपताच करावी.

उपाय : पाने पिवळी पडल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. केवळ खालची जुनी पाने पिवळी झाल्यास कारण निराळे असते. तेव्हा शेणखत द्यावे व निचरा पाहावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने पाने धुवावीत.

फवारणीने पाने तात्पुरती हिरवी होतात; मातीतील दोष जात नाही. म्हणून ग्रामसेवकांनी औषध सुचविण्यापूर्वी माती पाहण्याची सवय लोकांस लावावी.