नौका पारखावी ती जमिनीवर

मोटारीमागे ओढून नेता येईल अशी लहान शिडाची नौका विकत घेण्याचा संकल्प ज्यांच्या मनात उद्भवतो, त्यांपैकी बहुतेकांची दृष्टी प्रथम शिडाकडे, मग नौकेच्या डौलाकडे आणि सर्वांत शेवटी, तीही ओझरती, तिच्याखालच्या ट्रेलरकडे जाते. माझ्या मते हा क्रम नेमका उलट असावयास हवा. अशा नौकेचे आयुष्य पाण्यापेक्षा जमिनीवरच अधिक सरते. घरापासून खाडीपर्यंतचा रस्ता, धक्क्याचा उतार आणि पावसाळ्याचे चार महिने या तिन्ही ठिकाणी जी आपल्याला छळत नाही, तीच पाण्यावर सुख देते. आणि पुढे जो तपशील मी मांडणार आहे, तो या एकाच विधानाचा विस्तार आहे.

माझे वास्तव्य पुण्यास आणि नौकेचे पाणी राजपुरीच्या खाडीचे, त्यामुळे ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यावरून दिघीस जाणे हा आमचा शिरस्ता आहे. नौका जुनी घेतली तेव्हा ट्रेलरची चाके नुकतीच उघडून त्यांत नवे ग्रीस भरल्याचा लेखी दाखला मला एका कारखान्याने दिला होता, आणि त्या दाखल्याची खरी किंमत विळे गाव मागे पडल्यावर डाव्या चाकातून येऊ लागलेल्या घरघरीने मला कळवली. उतरून हात लावला तर हब चटका बसण्याइतका तापलेला. पुढे गॅरेजात त्याची टोपी काढली, तेव्हा आतून पातळ, दुधाळ तपकिरी रंगाचा लगदा ओघळला आणि बेअरिंगच्या रोलरांवर गंजाचे खवले दिसले. कारण गूढ नव्हते. लांबच्या धावेने तापलेला हब एकदम पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या ओढीने सीलच्या फटीतून खारे पाणी आत शिरते. मग ग्रीसचा वंगणाचा गुण नाहीसा होतो आणि पोलादास गंज धरतो. म्हणून उताराशी पोहोचल्यावर अर्धा-पाऊण तास चाके निवू द्यावीत, तेवढ्या अवधीत डोलकाठी आणि दोर यांची मांडणी करावी. पाण्याला दाद न देणारे ग्रीस वापरावे, हंगामातून एकदा तरी हब स्वतःच्या डोळ्यांदेखत उघडवावेत, आणि बेअरिंगचा एक जोड, सील व हवा भरलेले जादा चाक यांची बेगमी केल्यावाचून घाट चढू नये.

ट्रेलरविषयी आणखी तीन गोष्टींची खातरजमा करावी. पहिली, जोडणीच्या टोकावर पडणारा भार: एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा तेथे पडला पाहिजे, तो फार कमी असला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही आपल्यासोबत ओढतो. दुसरी, टायर: नौकेच्या ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उन्हाने चिरून जातात, तेव्हा नक्षी पाहून समाधान मानू नये, बाजूवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचावे. तिसरी, कागदपत्रे: मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी नसेल तर नौका कितीही स्वस्त असो, सौदा महागच.

आता निवड. केबिन असलेल्या नौकेचा मोह मोठा असतो, कारण तिच्यात रात्र काढण्याची स्वप्ने जमिनीवरूनही पाहता येतात; परंतु केबिनबरोबर वजन वाढते, वजनाबरोबर ओढणारी मोटार मोठी लागते, डोलकाठी उभारण्यास चार माणसे लागतात, आणि हळूहळू ती नौका ताडपत्रीखालून बाहेर पडेनाशी होते. याउलट इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली वेफेअरर पाहावी: लांबी १५ फूट १० इंच, नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे १७० किलो, सेंटरबोर्ड वर ओढला की वीतभर पाण्यात तरंगणारी आणि खाली सोडला की जवळजवळ ४ फूट खोल पकड घेणारी. याच जातीच्या उघड्या नौकेतून फ्रँक डाय यांनी १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. त्यांचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही, पण आकार लहान म्हणून नौका कमकुवत, हा समज त्या प्रवासाने निकालात निघतो. जॅक होल्ट यांची १९५६ ची एंटरप्राइझ त्याहून लहान आणि बरीच हलकी, आपल्याकडे शर्यतींमुळे परिचित. तलावावर चपळ, मात्र कुटुंब आणि शिधा घेऊन खाडीत फिरण्यास वेफेअररच्या मापाची बरी. खाली पक्की कील असलेली नौका आपल्या कोकणातल्या उथळ उतारांवर ट्रेलरवरून सुटता सुटत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मी यादी आपोआप गळते.

नौका पाहण्यास जाताना एक स्क्रूड्रायव्हर, एक विजेरी आणि एक घड्याळ न्यावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सांगाडा आणि डेक ठोकत जावे. खणखणीत आवाज बदलून बद्द झाला, विशेषतः ज्या जागी बोल्ट आरपार गेले आहेत तेथे, की आतले लाकूड कुजले किंवा थर सुटले असे धरून चालावे. विजेरीने सेंटरबोर्डची पेटी आणि हवाबंद टाक्या आतून पाहाव्यात. डोलकाठीला धरणाऱ्या पोलादी तारांच्या टोकांशी कापड फिरवावे; तुटलेला एक धागाही त्यात अडकतो, आणि एक धागा तुटला म्हणजे तारेची मुदत संपली. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर पोलादी रिव्हेट बसवले आहेत तेथे पांढरी भुकटी दिसली, तर दोन धातूंच्या सान्निध्याने आतून झीज चालू आहे हे ओळखावे. घड्याळ विक्रेत्यासाठी: त्याला ट्रेलरवरून सुरुवात करून संपूर्ण सज्जता करण्यास आणि पुन्हा सर्व आवरून बांधण्यास सांगावे. दोन माणसांना त्यास तासाहून फार अधिक लागत असेल, तर सुट्टीच्या दिवशी ती नौका आपण बाहेर काढणार नाही.

सामानाच्या बाबतीत दुकानदाराची यादी लांब आणि आवश्यकतेची आखूड असते. प्रत्येकाच्या अंगावर, पेटीत नव्हे, जीवरक्षक जाकीट, दोरीने बांधलेली बादली, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातातील बादलीइतका चांगला पंप अद्याप निघालेला नाही, वल्ही, होकायंत्र, शिटी, भरपूर पिण्याचे पाणी, आणि दोन ते तीन मीटर साखळी जोडलेला नांगर, ज्याचा दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या पाच ते सातपट असावा. मोठ्या शिडात ते आखूड करण्यासाठी दोन ओळी बांधून घ्याव्यात, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे भरू लागण्याच्या आधीच पहिली ओळ बांधावी; वारा भरल्यावर ती बांधणे हे आडव्या झालेल्या नौकेवरचे काम ठरते.

एक धोका मात्र कोणत्याही यादीत सहसा नसतो. दिघीस एकदा आमची डोलकाठी अर्धी उभी झाली असता जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने मोठ्याने हाक दिली, “दादा, वर बघा, वर!” माडांच्या झावळ्यांआडून विजेची तार गेली होती. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे. म्हणून डोलकाठी उभारण्याच्या जागेवरच नव्हे, तर तेथून पाण्यापर्यंतच्या संपूर्ण वाटेवर प्रथम मान वर करून पायी फिरून यावे.

पाण्यात उतरण्याची वेळ समुद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास मिळतो, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब: चतुर्थीस ३, अष्टमीस ६, द्वादशीस ९. तो अंदाजास पुरेसा आहे. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहावी. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते आणि ओहोटीतही त्याच वेगाने उतरते, त्यामुळे उताराच्या पायथ्याचा चिखल पाहता पाहता उघडा पडतो. अर्धी भरती झाल्यावर नौका सोडावी आणि अर्धी ओहोटी होण्यापूर्वी ती ट्रेलरवर चढवावी. ही सुमारे सहा तासांची मुदत दिवसाच्या सफरीस पुष्कळ होते. नव्या ठिकाणी बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात आपला बेत आगाऊ कळवून परवानगीचा मामला मोकळा करून घ्यावा. आणि नौका सोडण्यापूर्वी तळाचे बूच बसवले आहे की नाही हे बसवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने पाहावे.

निगेचा अर्धा भाग गोडे पाणी आहे. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी नौका, तारा, कप्प्या, ट्रेलरचे पाटे आणि चाके धुऊन काढावीत. उद्यावर ढकललेल्या मिठाला रात्रभराची सवलत मिळते. दुसरा अर्धा भाग पावसाळा. जूनच्या आधी बूच काढून, नाळ उंच करून नौका ठेवावी म्हणजे आत पाणी साचणार नाही. ट्रेलरला ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढावा. ताडपत्रीची दोन्ही टोके वाऱ्यासाठी उघडी राखावीत, कारण कोंडलेल्या दमटपणाने शिडास बुरशी आणि लाकडास कुज लागते. शिडे पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून घरात ठेवावीत आणि त्यांची शिवण नखाने खरवडून पाहावी. कापडापूर्वी उन्हाने दोरा मरतो. नारळी पौर्णिमेपर्यंत ही यादी संपवण्याचा नेम ठेवला म्हणजे आश्विनातला पहिला स्वच्छ दिवस दुरुस्तीत जात नाही.

खर्चाचा हिशेबही या अनुरोधाने करावा. नौकेसाठी जी रक्कम काढून ठेवली असेल, तिचा तिसरा हिस्सा खरेदीत घालू नये. टायर, तारा, बेअरिंग आणि जाकिटे यांसाठी तो पहिल्याच वर्षी लागतो. आणि ज्यास ग्रीसने हात माखण्याचा, पावसाळी दुपारी कप्प्या पुसत बसण्याचा मनापासून कंटाळा आहे, त्याने नौका घेऊच नये. वल्ह्यास आणि दोरास हात लावणारा माणूस नौकाधारकांस नेहमीच हवा असतो. अशा एखाद्याच्या नौकेवर हंगामभर जावे. वाऱ्याचा आनंद तेथेही तोच मिळतो, आणि घाटात चाक तापले तर ते दुसऱ्याचे असते.