समाजशास्त्र: अर्धं मोबाईलवर, अर्धं शिवारात

"पोरगी समाजशास्त्र घ्यायचं म्हणतीय. त्यातलं निम्मं मोबाईलवर शिकणार म्हणे. पुढं पोटापाण्याचं काय?" बारावीचा निकाल लागला की वाई, भुईंज, बावधनकडच्या पालकांचा हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. फी घामाच्या पैशातून भरायची असते आणि पोरीची तीन-चार वर्षं परत मिळत नसतात. म्हणून उत्तरही नीट, टप्प्याटप्प्यानं द्यायला हवं.

हा विषय नेमका काय?

भुईंजच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेऊन लांबून आलेली ही कुटुंबं. इथे मजूर मोजतात तो 'कोयत्या'वर, आणि नवरा-बायको मिळून होतो एक कोयता. ऊस दोघं तोडतात, मोळ्या दोघं वाहतात, हिशेब मात्र एकाच नावावर, आणि ते नाव बहुधा नवऱ्याचं.

आपण हे लहानपणापासून पाहतो, म्हणून त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. समाजशास्त्र नेमकं तिथेच थांबून विचारतं. बाईची मजुरी वेगळी का धरत नाहीत? उचल फिटेपर्यंत माणूस काम सोडून जाऊ शकतो का? हंगामभर पोरांच्या शाळेचं काय होतं? एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकानं 1893 मध्ये श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. त्याचा सिद्धांत ऑनलाइन व्याख्यानात समजेल. कोयत्याचा हिशेब कळायला मात्र फडावरच जावं लागेल. या दोन्हींची सांगड घालता आली, की विषय हाती आला म्हणायचं.

ही माती अभ्यासाची आहे

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं वाईशी जवळचं नातं. इथे त्यांनी ब्राह्मसमाजाचं काम उभं केलं. ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून आलेला हा माणूस वस्त्यावस्त्यांतून फिरला, माहिती गोळा केली आणि 1933 मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ दिला.

कराडच्या पुढे, सांगली जिल्ह्यातलं कासेगाव घ्या. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेच्या विद्यापीठातून 1973 मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे त्या कासेगावच्याच झाल्या आणि 2021 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. सात समुद्रापलीकडची बाई ज्या गावांचा अभ्यास करायला आली, ती गावं आपल्या मुलांच्या उंबऱ्याबाहेर आहेत. ही शिदोरी पैसे देऊन मिळत नाही.

कोर्स वेगळा, पदवी वेगळी

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हा भाग पालकांनी दोनदा वाचावा.

'स्वयम्' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 2017 पासून सुरू आहे. समाजशास्त्राचे, सामाजिक बदलाचे कोर्स तिथे मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. हे गुण पदवीत धरता येतात, पण आपलं कॉलेज ते धरणार का, हे नाव नोंदवण्याआधी प्राचार्यांना भेटून विचारा. इग्नूचं सगळं अभ्याससाहित्य 'ई-ज्ञानकोश'वर फुकट वाचायला मिळतं.

पदवी मात्र मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी. वाईच्याच किसन वीर महाविद्यालयासारख्या जवळच्या कॉलेजात प्रवेश घ्यावा, हे उत्तम. घरच्या अडचणीमुळे ते शक्य नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. ऑनलाइन पदवीची जाहिरात दिसली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव तपासल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

इंग्रजी आडवं येतं?

येतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चांगले कोर्स बहुतेक इंग्रजीत आहेत. पण वाईच्या मुलांना यावरचं औषध शोधायला लांब जायला नको. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश याच गावात आकाराला आला. पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि आज विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. व्याख्यान ऐकण्याआधी त्या विषयाची मराठी नोंद वाचायची, मग व्याख्यान, आणि शेवटी आपल्या शब्दांत पानभर टिपण. संज्ञा अडली तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. दोन-तीन महिने हा क्रम मोडला नाही, तर इंग्रजीची भीती निम्मी उतरते.

आणि नोकरी?

खरं सांगायचं तर नुसत्या बीएवर लगेच मोठी नोकरी मिळत नाही. बीए हा पाया आहे, त्यावर काय बांधायचं ते दुसऱ्या वर्षातच ठरवावं.

स्पर्धा परीक्षा: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून तिथेही हा विषय घेता येतो. पण परीक्षेला वर्षांची मर्यादा घालून घ्या.

अध्यापन: एमए आणि नेट किंवा सेट लागते. जागा कमी निघतात, हे धरून चाला.

सर्वेक्षण आणि संशोधन: मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम करते आणि तिथे पदव्युत्तर शिक्षणही मिळतं. ज्याला माणसांशी बोलता येतं आणि आकडे मांडता येतात, त्याला या क्षेत्रात काम आहे. म्हणून बीए करतानाच एक्सेल आणि प्राथमिक संख्याशास्त्र शिकून घ्यावं.

समाजकार्य: समाजशास्त्र आणि समाजकार्य एक नव्हे. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना बहुधा एमएसडब्ल्यू मागतात. तिकडे ओढा असेल तर बीएनंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रयत्न करावा. म्हसवडची माणदेशी महिला बँक 1997 पासून गावातल्या बायकांसोबत काम करते आहे. अशा संस्थांचं काम सुट्टीत जवळून पाहिलं तर आपला कल आपल्यालाच कळतो.

निर्णयाआधी एक वही

पालकांनो, हो किंवा नाही म्हणण्याआधी मुलाला शंभर पानी वही आणून द्या. आपल्याच आळीतली वीस घरं त्यानं निवडावीत. प्रत्येक घरी परवानगी घेऊन चारच प्रश्न विचारावेत: आजोबा काय करत होते, वडील काय करतात, मुंबईला कोण गेलं आणि का, घरातली पहिली शिकलेली बाई कोण? नावं लिहू नयेत, कुणाची गोष्ट बाहेर सांगू नये. जोडीला 'स्वयम्'वरचा एक मोफत कोर्स शेवटपर्यंत करावा.

दोन महिन्यांनी ती वही स्वतः वाचा. तिसऱ्या घरात मूल कंटाळलं असेल, तर तेही वेळेत कळलं. पण विसाव्या घरानंतर त्यानं समासात स्वतःचा एखादा प्रश्न लिहिलेला असेल, मुंबईला माथाडी म्हणून गेले ते याच आळीतले का, पलीकडच्या आळीतले का नाहीत, असा, तर फी बिनघोर भरा. असा प्रश्न पडणाऱ्या मुलानं विषय चुकीचा निवडलेला नाही.