बरं वाटलं की गोळी बंद : ज्येष्ठांचे आरोग्यवर्तन समजून घेताना

आरोग्यवर्तन म्हणजे माणूस आपल्या तब्येतीसाठी रोज प्रत्यक्षात जे करतो आणि जे करत नाही, ते. त्याला काय माहीत आहे हा वेगळा मुद्दा. तंबाखू घातक आहे हे पुडीवरच छापलेलं असतं. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. मळलेली तंबाखू, मिसरी असे बिनधुराचे प्रकार वापरणारेच २४.४ टक्के. म्हणजे माहिती देऊन वर्तन बदलतं, हा आपला समज अपुरा आहे. वय वाढलेल्या माणसांच्या बाबतीत तर फारच अपुरा.

आपल्या चोपडा तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. अडावद, लासूर, धानोरा, कुठल्याही गावात बीपीची गोळी सुरू असलेले आजी-आबा भेटतील. दोन-तीन महिने गोळी नीट चालते. मग एक दिवस बंद. विचारलं तर उत्तर तयार असतं : "आते माले बरं वाटस, गोयी कसाले खाऊ?"

याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. पण आबांच्या बाजूने विचार करा. त्यांनी साठ-सत्तर वर्षांत ताप पाहिला, जुलाब पाहिले, खोकला पाहिला. प्रत्येक वेळी नियम एकच होता : त्रास असेपर्यंत औषध, बरं वाटलं की बंद. तो अनुभव खरा आहे. फक्त उच्च रक्तदाबाला तो लागू पडत नाही. रक्तदाब वाढला तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, आणि आकडा ताब्यात असतो तो गोळीमुळे. गोळी थांबली की तो गुपचूप वर चढतो. कळतं तेव्हा कधी कधी थेट लकवा झालेला असतो, आणि मग सगळं घरच अंथरुणाभोवती अडकतं.

म्हणून "गोळी सोडू नका" हे वाक्य दहा वेळा म्हणून भागत नाही. "बरं वाटलं म्हणजे बरं झालं" हा जुना नियम इथे का चालत नाही, ते त्यांच्याच भाषेत पोचलं पाहिजे. केळीवाल्या आबांना विचारा, बाग हिरवीगार दिसते म्हणून मे महिन्यात ठिबक बंद करता का? बाग हिरवी आहे ती ठिबकमुळेच. हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

अडथळा कुठे आहे?

१९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग तपासणीसाठी फुकट एक्स-रेच्या गाड्या वस्तीत नेल्या, तरी बरेच लोक आले नाहीत. का आले नाहीत, याचा शोध होकबॉम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी घेतला आणि त्यातून 'आरोग्य-श्रद्धा प्रारूप' तयार झालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मला धोका आहे का, तो किती गंभीर आहे, उपायाने फायदा होईल का आणि उपाय करण्यात अडचणी किती, याचा हिशोब माणूस मनात मांडतो. पुढे "हे मला जमेल" हा विश्वासही त्यात जोडला गेला. ही कल्पना बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडली होती.

आपण घरी काय करतो? पहिल्या दोन गोष्टींवरच जोर देतो. म्हणजे घाबरवतो. माझ्या मते ज्येष्ठांच्या बाबतीत खरी गाठ चौथ्या मुद्द्यात, अडचणींत असते. आणि त्या अडचणी त्या सहसा बोलून दाखवत नाहीत.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आजी लेकीकडे जळगावला निघते. मध्ये गाडी थांबवा म्हणायला लाज वाटते, म्हणून त्या दिवशी गोळी नाही, आणि पाणीही नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यात वयानुसार तहानेची जाणीव कमी झालेली. रात्रीचंही तसंच. संडास-मोरी अंगणापलीकडे, अंधार, पडण्याची भीती. म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. या आजीला "पाणी पीत जा" सांगून काय उपयोग? मोरीपाशी दिवा, भिंतीला धरायला दांडा, दुपारपर्यंत जास्त पाणी आणि प्रवासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घेणं, याने वर्तन बदलेल. वेळ आपल्या मनाने मात्र बदलू नये.

मिठाचंही असंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरात भाजीतलं मीठ कमी होतं, पण ताटात लोणचं, पापड, शेव तशीच राहते. पापडखारातही सोडियम असतं, हे सहसा लक्षात येत नाही. शिवाय आबांच्या ताटात काय पडतं ते सुनेच्या हातात. तेव्हा एकट्या आबांना उपदेश करून उपयोग नाही. स्वयंपाक करणारीशी बोला.

बदल एका दिवसात होत नाही

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या अवस्था मांडल्या. आधी विचारच नसतो, मग विचार येतो, मग तयारी, कृती आणि टिकवणं. माणूस मागेही घसरतो. प्रत्यक्षात सगळे या पायऱ्या ओळीने चढत नाहीत, पण शिकवायला हे प्रारूप उपयोगी आहे.

मिसरी लावणाऱ्या आजीला पहिल्याच दिवशी "सोड" म्हणाल तर डबी फक्त लपवली जाईल. आधी विचारा, "आजी, मिसरीने तुम्हाला काय बरं वाटतं?" कोणी म्हणेल दाढ ठणकत नाही, कोणी म्हणेल त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, कोणाला शेजारणींसोबत ओट्यावर बसायचं ते निमित्त असतं. दाढेचं कारण असेल तर पहिली पायरी दातांचा डॉक्टर. ओट्याचं असेल तर बैठक राहू द्या.

गुडघ्यांसाठी उनपदेवच्या गरम झऱ्याला जाणाऱ्यांनाही हसू नका. तिथे जायला ते घराबाहेर पडतात, चार माणसांत मिसळतात. गोळी सुरू ठेवून जात असतील तर अडवायचं कशाला?

आणि सांगतं कोण, हे महत्त्वाचं. मुलाचं ओरडणं आबा कानाआड करतात. पारावरचा त्यांच्याच वयाचा सोबती "मी पाच वर्षं घेतोय, मला काही झालं नाही" म्हणाला, तर ऐकतात.

स्वाध्याय : घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीची एकच सवय निवडा. आठवडाभर सल्ला न देता नुसतं पाहा आणि विचारा : ही सवय कधी लागली, तिने काय मिळतं, सोडायला काय आड येतं. उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहा, अहिराणी, लेवा किंवा पावरी, जी असेल ती. मग आड येणारी एक अडचण दूर करून पुढचे पंधरा दिवस नोंद ठेवा. नाव लिहू नका, आणि वही त्यांना वाचून दाखवल्याशिवाय वर्गात आणू नका.