मरुभूमी, उष्णोदक आणि स्वेदन : कॅसल हॉट स्प्रिंग्जचा अभ्यास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना आली आहे, तीत आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीला आणि अहितकर देशांमध्ये अनूपाला अग्रस्थान दिले आहे. कोकणात वा मुंबईत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला हे वचन जरा टोचणारेच आहे. विद्यार्थिदशेत आपण ते पाठ करतो आणि विसरतो, कारण रुग्णाला मरुभूमीत धाडण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो लोक केवळ कोरड्या हवेसाठी आले. त्यांतील बहुसंख्य क्षयाचे रुग्ण होते. स्ट्रेप्टोमायसीन उपलब्ध होण्यापूर्वी शुष्क हवा, ऊन आणि विश्रांती यांखेरीज त्यांना देण्यासारखे फारसे काही नव्हतेच. गरीब रुग्ण तंबूत राहिले. धनिकांसाठी पंचतारांकित म्हणता येतील अशी स्थाने उभी राहिली. कॅसल हॉट स्प्रिंग्ज हे त्या दुसऱ्या वर्गातील एक जुने आणि आजही चालू असलेले स्थान. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार आयुर्वेदाच्या दृष्टीने करीत आहोत.

फीनिक्स शहराच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरवर, सोनोरा वाळवंटातील ब्रॅडशॉ पर्वताच्या एका घळीत उष्णोदकाचे झरे आहेत. उगमाशी पाण्याचे तापमान सुमारे ४९ अंश सेल्सियस असते. सभोवती उघडे खडक आणि उंच काटेरी सग्वारो निवडुंग, आणि मध्येच ही हिरवी, वाहत्या पाण्याची जागा. शास्त्रात वर्णिलेला जांगल देश डोळ्यांपुढे उभा राहावा, पण त्याच्या पोटात अनूपाचा एक लहानसा तुकडा असावा, अशी ही रचना आहे.

या प्रदेशातील मूळ रहिवासी याव्हापाय लोक. १८७५ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, अमेरिकी सैन्याने याव्हापाय व टोंटो अपाची लोकांना सुमारे २९० किलोमीटर दूर सान कार्लोस येथे पायी हाकलून नेले. वाटेत शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १८९६ मध्ये, रेल्वे व खाणींचे उद्योजक फ्रँक मर्फी यांनी झऱ्यांपाशी आरोग्यस्थान उघडले. आरोग्यस्थानांच्या माहितीपत्रकांत इतिहास बहुधा अशा दुसऱ्या घटनेपासून सुरू होतो. आम्हांस तो पहिलीपासून सांगणे उचित वाटते. मर्फी यांचीच रेल्वे १८९५ मध्ये फीनिक्सला पोहोचली होती. पाहुणे जवळच्या स्थानकावर उतरत आणि तेथून घोडागाडीने डोंगरात जात. हंगाम हिवाळ्याचा असे.

दुसऱ्या महायुद्धात येथे सैनिकांच्या विश्रांतीची सोय झाली. १९४५ च्या प्रारंभी जॉन एफ. केनेडी काही आठवडे येथे राहिले. १९४३ मध्ये त्यांची नौका बुडाली होती आणि पाठीचे दुखणे जडले होते. त्यांच्या वास्तव्याचा उल्लेख आजही मोठ्या अभिमानाने केला जातो. परंतु १९५४ मध्ये त्यांना पाठीच्या कण्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हे चिकित्सकाने विसरू नये. विश्रांती मिळणे वेगळे आणि व्याधी जाणे वेगळे.

१९७६ मध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. त्यापुढे चार दशके सामान्य पाहुण्यांना दारे बंद होती. २०१४ मध्ये एका दांपत्याने ही मालमत्ता विकत घेतली आणि २०१९ मध्ये स्थान पुन्हा सुरू झाले. स्वतंत्र कुटीर, स्वतःच्या शेतातील भाजी, मर्दन आणि कमी-अधिक उष्णतेची तीन कुंडे असे त्याचे आजचे स्वरूप आहे.

येथील पाण्यात लिथियम असल्याचे आवर्जून सांगितले जाते. लिथियमच्या पाण्याचे हे वेड तिकडे जुनेच. सेव्हन-अप हे पेय १९२९ मध्ये निघाले तेव्हा त्यातही लिथियमचा क्षार होता. १९४९ मध्ये जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखविला हे खरे; पण ती मात्रा रोज पोटात द्यावयाची, शेकडो मिलिग्रॅमची आणि रक्ततपासणीच्या देखरेखीखाली द्यावयाची आहे. कुंडात अर्धा तास बसण्याशी तिची तुलना होऊ शकत नाही. आपल्या एखाद्या औषधी जलाच्या वा तैलाच्या वेष्टनावर असा युक्तिवाद कोणी छापू पाहील तर औषधनिर्मात्यांनी तो खोडून टाकावा.

मग लाभ कशाचा होतो? आमच्या मते देश, काल आणि अवगाहस्वेद या तिहींचा. चरकाने तेरा अग्निस्वेदांत अवगाहाची गणना केली आहे, आणि हेमंतचर्येत अभ्यंगाबरोबर जेंताकस्वेदही सांगितला आहे. हिवाळ्यातच चालणाऱ्या या स्थानाला ते लागू पडते. आर्द्र प्रदेशातून आलेला, कफप्रधान, स्थूल, संधिगौरव असलेला मनुष्य येथे निश्चित हलका होईल.

परंतु याच जांगल देशाला शास्त्राने वातपित्तबहुलही म्हटले आहे. मरुभूमी आरोग्यदेशांत श्रेष्ठ असली तरी ती प्रत्येकास सारखीच हितकर नव्हे. कृश, अनिद्र, मलावष्टंभी वातप्रकृतीच्या मनुष्याने रूक्ष हवेत, स्नेहनावाचून, दिवसातून दोनदा उष्ण कुंडात बसावे आणि सायंकाळी मद्य घ्यावे, असा क्रम ठेवला तर वातप्रकोपाला आणखी काय हवे? नित्य मद्य घेणारा, गर्भिणी, रक्तपित्ती, मधुमेही आणि रूक्ष यांना स्वेद वर्ज्य आहे. वाग्भटाने उष्णोदकाचा परिषेक अधःकायाला बलकारक आणि शिराला केश व नेत्र यांचे बल हरणारा सांगितला. म्हणून कुंडात डोके बुडवू नये.

अलीकडे अशा स्थानांत आयुर्वेद विभाग चालविण्याची विचारणा वैद्यांकडे होते, आणि तैलाची मागणी औषधालयांकडे येते. अतिथी दोन-तीन रात्रींसाठी येतो; तेवढ्यात शोधन होत नाही, आणि पूर्वकर्म-पश्चात्कर्माविना ‘पंचकर्म’ हा शब्द फलकावर लिहूही नये. अभ्यंग आणि मृदुस्वेद एवढे मात्र करता येते. झऱ्याच्या सार्वजनिक कुंडात तैलाक्त शरीराने उतरणे इतरांच्या दृष्टीने अयोग्य, पायऱ्या निसरड्या होतात म्हणून धोक्याचेही. यास्तव अभ्यंग आदल्या सायंकाळी करावा, चण्याच्या वा मुगाच्या पिठाने तैल काढावे, आणि सकाळी रिकाम्या पोटी किंवा आहार पचल्यावर अवगाह द्यावा. कालमर्यादा घड्याळाने न ठरविता सम्यक्स्विन्न लक्षणांनी, म्हणजे शीतशूलाचा उपरम, स्तंभ व गौरव यांचा निग्रह आणि मार्दव यांनी ठरवावी. वाळवंटात घाम येताक्षणीच सुकतो; त्यामुळे घाम दिसत नाही म्हणून स्वेद वाढविण्याची चूक परिचारकाकडून सहज होते, आणि रुग्णाला मूर्च्छा येईपर्यंत ती ध्यानात येत नाही.