ठिबकच्या ड्रिपरवरचा पांढरा थर

प्रश्न : रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. बोअरच्या पाण्याने ड्रिपर चोंदले. हायड्रोक्लोरिक ॲसिड किती सोडावे?

उत्तर : आधी थर कशाचा ते पाहा. एक ड्रिपर कापून थरावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसले, तर तो चुन्याचा थर, ॲसिडने जातो. बुळबुळीत थर जीवाणू-शेवाळाचा, त्याला क्लोरीनच लागते.

मात्रा शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. पाण्यात बायकार्बोनेट जितके जास्त, तितके ॲसिड जास्त खर्ची पडते. प्लास्टिकच्या बादलीत बोअरचे 10 लिटर पाणी घ्या. मोजून थोडे थोडे ॲसिड टाका, ढवळा, पीएच पेपरवर सामू 4 च्या किंचित खाली येईपर्यंत. समजा 8 मिली लागले; म्हणजे 1000 लिटरला 800 मिली. संचातून ताशी 10,000 लिटर पाणी जात असेल, तर 15 मिनिटांसाठी 2 लिटर ॲसिड पुरते. ते पाण्यात मिसळून, फिल्टरच्या पुढे बसवलेल्या व्हेंच्युरीतून सोडा. लोखंडी फिल्टर ॲसिडने गंजतो. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामूही 4 च्या आसपास आला, की पंप बंद करा. 24 तासांनी नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. ही पायरी गाळली, तर सुटलेला गाळ पुन्हा ड्रिपरमध्येच अडकतो.

ॲसिड नेहमी पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. आणि ब्लीचिंग पावडर त्यात चुकूनही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी, मध्ये नळ्या धुऊनच करा.