एका पत्त्यावर किती घरं?

अमेरिकेत कमी उत्पन्न असणाऱ्यांना ‘लाइफलाइन’ योजनेतून फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते. योजना १९८५ पासूनची. पण भाड्याच्या घरात इतरांसोबत राहणारा माणूस ‘इथे एकाला आधीच मिळतेय, आता मला कुठली?’ असं समजून अर्जच करत नाही. तसं करू नका. सूट घरटी एक आहे, पत्त्याला एक नव्हे.

मग घर कशाला म्हणायचं? आपण ‘चूल वेगळी’ म्हणतो. तिथली अन्नमदतीची ‘स्नॅप’ योजना खरोखरच चूल बघते: किराणा कोण एकत्र आणतं, कोण एकत्र रांधतं. लाइफलाइन पैसा बघते. ज्यांची मिळकत आणि खर्च एकत्र, ते एक घर. एका अपार्टमेंटमध्ये चौघी राहतात. फ्रिजमधल्या दुधाच्या प्रत्येक कॅनवर वेगळं नाव, भाड्यात आपापला हिस्सा, पगार जिचा तिच्या खात्यात. ही चार घरं झाली. नवरा-बायको मात्र एकच घर. न्यू जर्सीत मुलाकडे कायमच्या राहायला गेलेल्या आईवडिलांचा पैसा आणि खर्च मुलाच्या संसारातच मिसळलेला असेल, तर तेही एकच घर, आणि मग मिळकत सगळ्यांची मिळून मोजतात. अर्ज इथे अडू शकतो.

मिळकतीची मर्यादा आहे सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्के. २०२५ साली अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत एकट्या माणसासाठी ती वर्षाला २१,१२८ डॉलर होती. ‘मेडिकेड’ हा कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा किंवा स्नॅप मिळत असेल तर त्यावरही पात्र ठरता येतं.

त्याच पत्त्यावर आधीच कुणाला सूट असेल तर ‘हाउसहोल्ड वर्कशीट’ भरून द्यावं लागतं. त्यातला कळीचा प्रश्न एकच: सूट घेणाऱ्या त्या व्यक्तीशी तुमचा पैसा एकत्र आहे का? खरं तेच लिहा. खाली सही शपथेवर असते.

अर्जाला पैसे पडत नाहीत. २५ डॉलरचा प्लॅन असेल तर १५.७५ उरतात, कर वेगळे. हँडसेटचा खर्च यात धरलेला नाही. प्लॅन पूर्ण फुकट असेल तर ३० दिवसांत एकदा तरी वापरा, नाहीतर १५ दिवसांची नोटीस येते आणि सेवा बंद होते.

पात्रता दरवर्षी तपासतात. कागद मागितले तर उत्तराला ६० दिवस मिळतात. सामायिक घरात पत्रं हरवतात, म्हणून टपालपेटीवर आपलं नाव आजच चिकटवा.