चिकटलेली पेशी पुढे कशी सरकते?

प्रश्न : चेतापेशींच्या पृष्ठभागावर शेजाऱ्याला धरून ठेवणारी चिकट प्रथिने असतात, असे वाचले. इतके चिकटल्यावर वाढणारा तंतू पुढे जातो कसा? आणि मागे राहिलेल्या प्रथिनांचे काय होते? – एक वाचक, मीरा रोड

उत्तर : जुलैत गल्लीत पाणी तुंबले की तीन विटांवरून वाट काढायची कसरत तुम्ही केली असेलच. दोन विटांवर पाय, मागची उचलायची, पुढे टाकायची. चेतापेशीच्या वाढत्या तंतूचे, म्हणजे अक्षतंतूचे, टोक जवळपास हेच करते. 'एल-१' नावाचे प्रथिन टोकाच्या पुढच्या कडेला शेजारचा तंतू धरते. टोक पुढे सरकले की ती पकड मागे पडते. तिथे पेशीपटल आत खोलगट होते, क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी त्याला गोलाई देते आणि एल-१ इवल्या पुटिकेत, म्हणजे पिशवीत, बसून आत येते. ही पुटिका सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून पुढच्या कडेला जाते आणि एल-१ पुन्हा बाहेर, कामावर हजर! हिरोयुकी कामिगुची आणि व्हान्स लेमन या संशोधकांनी ही फेरी २००० साली दाखवली. चेतापेशीतल्या एल-१च्या शेपटीत चार अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. इतर पेशी तो गाळतात. त्या तुकड्यामुळेच क्लॅथ्रिनच्या मदतनिसाला शेपूट पकडता येते. विटेला उचलायला कडी लावलेली असावी, तसे. अर्थात, सगळ्याच विटा परत येत नाहीत. काही लायसोसोम या पेशीच्या कचराकोठीत, भंगारात जातात.

पुटिका पटलापासून तोडणारी कात्री म्हणजे डायनामिन हे प्रथिन. तिची हकीकत तुमच्याच लोकलच्या शेवटच्या स्थानकाच्या थोडे पुढे सापडेल. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी 'शिबिरे' या जनुकदोष असलेल्या फळमाशीवर काम केले. शिबिरे म्हणजे जपानीत बधिर होणे. या माशीचे डायनामिनच बिघडलेले असते. तापमान तिशीजवळ गेले की ती लुळी पडते आणि गारव्यात आणल्यावर काही मिनिटांत सावरते. मीरा रोडच्या मे महिन्यात तिची धडगत नाही! तो अभ्यास संदेशवाहक रसायनांच्या पुटिकांचा होता, चिकट प्रथिनांचा नव्हे. पण कात्री तीच.

आणि चिकट प्रथिने आत ओढणे हे केवळ वाढीपुरते नाही. समुद्री ससा नावाच्या गोगलगायीच्या चेतापेशींना सिरोटोनिन हे संदेशवाहक रसायन दिले, तर त्या आपली चिकट प्रथिने भराभर आत ओढतात, असे चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांच्या चमूला १९९२ मध्ये दिसले. शिकताना फुटणाऱ्या नव्या जोडण्यांची ती एक सुरुवातीची पायरी असते.